दुकानाच्या काचा पुसताना शिडीवरून पडू नये म्हणून काय करायचं: सोलापुरातल्या कामगारांसाठी आणि मालकांसाठी

दिवाळीच्या आधी आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरायच्या आधी सोलापुरात नवी पेठेपासून पार जुळे सोलापूरपर्यंत जिकडं बघावं तिकडं काचा पुसायचं काम चालू असतं. दुकानं, दवाखाने, क्लासेस, बँका, सगळीकडं. पुण्या-मुंबईत वीस मजल्यांच्या बिल्डिंगला दोरावरची माणसं येतात, त्यांच्याकडं बेल्ट, हेल्मेट, सुपरवायझर असतो. आपल्याकडं बहुतेक काचा १० ते २० फुटांवर, म्हणजे हाताला येत नाहीत आणि दोरावरचा माणूस बोलवावा इतक्या उंचही नाहीत. खरा धोका याच उंचीत आहे कारण हिला कुणी उंची समजतच नाही. मंडपवाल्याकडनं शिडी आणायची, टेकवायची, चप्पल घालून वर चढायचं, झालं.

१० फुटांवरून माणूस पडला तर पाऊण सेकंदात खाली येतो आणि आदळताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. सावरायला, काही धरायला वेळच मिळत नाही, आणि खाली शहाबादी फरशी नाहीतर सिमेंटचा कोबा. पायावर पडला म्हणून वाचला असं लोक म्हणतात पण पायावर पडल्यावरच टाचेचं हाड आणि कमरेचा मणका मोडतो, आणि ज्या माणसाचं पोट रोजच्या हजेरीवर आहे त्याचं घर सहा-सहा महिने बंद पडतं. म्हणून हे सगळं नीट, क्रमानं लिहितोय. हे काम करणाऱ्यांनी वाचा आणि काम देणाऱ्या मालकांनी तर नक्की वाचा.

आधी हे बघा, की चढायची गरज आहे का

शिडीवरचा सगळ्यात सुरक्षित माणूस म्हणजे जो चढलाच नाही तो. टेलिस्कोपिक पोल मिळतो, त्याच्या टोकाला एकदा कापडी वॉशर लावायचा आणि मग रबरी वायपर. १२ फुटांचा पोल आणि आपल्या हाताची उंची धरली तर जमिनीवर उभं राहून १५-१६ फुटांपर्यंतची काच आरामात होते. सुरुवातीला रेषा उमटतात, मनगट दुखतं, पोरं वैतागून म्हणतात शिडीच बरी. चार-सहा कामं होऊ द्या, हात बसतो. वायपर वरनं खाली एका दमात ओढायचा, मध्ये थांबायचं नाही, आणि प्रत्येक ओढीनंतर रबर कोरड्या फडक्यानं पुसायचं. कडा राहतात त्या पोलला मायक्रोफायबरचं कोरडं फडकं गुंडाळून काढायच्या.

आता आपल्याकडची खरी अडचण पाणी. बोअरचं पाणी जड, क्षाराचं, आणि ऊन असं की पाणी काचेवरच वाळतं आणि पांढरे ठिपके राहतात. मग ते ठिपके घासून काढायला माणूस शिडीवर चढतो आणि जोर लावून घासतो. हे नीट समजून घ्या, शिडीवर उभं राहून काचेवर जितका जोर लावाल तितकीच काच तुम्हाला मागं ढकलते. हात काचेवर, पाय पायरीवर आणि अंग मागं जातं. म्हणजे पाणी चुकलं म्हणून माणूस वर चढला, आणि वर जाऊन जोर लावला म्हणून पडला. उपाय साधा आहे, पहिलं धुणं बोअरच्या पाण्यानं करा पण शेवटचा हात आरओच्या पाण्यानं मारा. २० लिटरचा जार कोपऱ्यावर मिळतो, एका दुकानाच्या दर्शनी भागाला तो पुरतो. आणि ऊन काचेवर नसताना काम करा. पूर्वेकडं तोंड असलेलं दुकान संध्याकाळी, पश्चिमेकडचं सकाळी.

जुने पांढरे डाग काढायला काही जण संडास साफ करायचं ॲसिड लावतात. शिडीवर तर ते चुकूनही नेऊ नका, वर हात करून लावलं की थेंब मनगटावरून बाहीत उतरतो नाहीतर डोळ्यात जातो आणि त्या झटक्यात माणूस शिडी सोडतो. ॲसिडमध्ये ब्लीचिंग कधीच मिसळायचं नाही, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. डोळ्यात काही गेलंच तर वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं डोळा धरायचा आणि मग दवाखाना.

सरकत्या खिडक्या असतील तर आतून होतायत का बघा, पण त्यासाठी खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून बाहेर वाकायचं नाही. त्यापेक्षा शिडी परवडली.

शिडी कुठली आणि ती तपासायची कशी

पोलनं होणारच नाही असं पक्कं झालं की मग शिडी. दोन-तीन तासांच्या वर काम असेल किंवा पूर्ण एलिव्हेशन, म्हणजे बिल्डिंगची सगळी दर्शनी बाजू, घासायचं असेल तर शिडी नकोच, चाकाचं स्कॅफोल्डिंग भाड्यानं आणा, त्याला कठडा असतो, चाकांना लॉक असतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. शिडी फक्त थोड्या वेळच्या कामाला. एका दमात अर्ध्या तासाच्या वर शिडीवर उभं राहायचं नाही, पोटऱ्या भरून येतात आणि मग पाय चुकतो.

बांबूची शिडी आणली तर प्रत्येक पायरी हातानं पिळून बघा, हलती आहे का. बांबूला उभी भेग, भुंग्यानं पाडलेलं बारीक भोक आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर ती परत करा. बांधलेली दोरी कुजलेली असेल तरी परत. रंगवलेली शिडी तर घेऊच नका, रंगाखाली भेगा दिसत नाहीत.

ॲल्युमिनियमची असेल तर पायऱ्यांचे रिव्हेट, वाकलेल्या बाजू, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचे रबरी बूट. बूट झिजलेले किंवा निघालेले असतात आणि कुणाचं लक्षच नसतं. नुसत्या ॲल्युमिनियमचा पाय ओल्या फरशीवर काहीच पकड धरत नाही. बूट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, बदलायला दहा मिनिटं लागतात. वाढवायची शिडी असेल तर दोन्ही भाग एकमेकांवर कमीत कमी ३ फूट असले पाहिजेत आणि दोन्ही बाजूचं लॉक बसल्याचा आवाज ऐकूनच पाय ठेवा.

शिडीवर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, स्टिकर बघा. माणूस ७० किलो, पाण्याची बादली १० किलो, बाकी सामान, असं धरून घरगुती हलकी शिडी काठावर येते. १५० किलोची असेल तीच कामाला घ्या. घोडी, म्हणजे दोन्हीकडं पाय उघडून स्वतः उभी राहणारी शिडी, वापरणार असाल तर ती पूर्ण उघडून मधली कुलपाची पट्टी बसवा, बंद घोडी भिंतीला टेकवून चढणं ही फार वाईट सवय आहे, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही.

शिडी लावायची जागा

सोलापुरात दुकानासमोर काय असतं ते सगळ्यांना माहितीय. तीन फुटांचा कट्टा, त्यापुढं गटारीचा ढापा, त्यापुढं लावलेल्या गाड्या. शिडीला जागाच उरत नाही म्हणून पोरं ती उभीच्या उभी लावतात, आणि उभी शिडी म्हणजे वर गेल्यावर नुसतं मान मागं केली तरी माणूस शिडीसकट रस्त्याकडं येतो. म्हणून मालकांना हात जोडून सांगणं आहे, काचा पुसायच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत गाड्या हटवून द्या. तेवढं एक काम तुमचं.

माप असं: शिडी जिथं वर टेकते ती उंची जितकी फूट, त्याचा चौथा भाग भिंतीपासून पाय लांब. १२ फुटांवर टेकली तर पाय ३ फूट बाहेर, १६ फुटांवर ४ फूट. टेप नसेल तर शिडीच्या पायाशी पायाची बोटं लावून सरळ उभं राहा, हात खांद्याच्या रेषेत समोर ताठ करा, तळवा पायरीला नीट टेकला तर कोन बरोबर आहे.

ढाप्यावर शिडीचा पाय कधीच ठेवायचा नाही, तो हलतो, फुटतो. जुळे सोलापूरकडं नाहीतर शहराबाहेर नवीन बांधकामाच्या बाजूला काळी माती असते, वरनं कडक दिसते आणि पाणी सांडलं की लोण्यासारखी होते, एक पाय रुतला की शिडी तिरकी होते. तिथं खाली रुंद, जाड फळी टाका आणि दोन्ही पाय त्याच फळीवर घ्या. उंचसखल असेल तर विटा रचून पाय उचलायचा नाही, जागा बदला.

आणखी एक गोष्ट जी काच पुसणाऱ्यालाच लागू होते. आपण वर साबणाचं पाणी मारतो ते सगळं ओघळून कुठं येतं? शिडीच्या पायाशी. आपणच आपली जमीन निसरडी करतो, आणि गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा टाइल्स असतील तर बघायलाच नको. प्रत्येक काच झाली की खालच्या माणसानं तिथलं पाणी वायपरनं लांब ओढायचं. काही जण शिडीखाली गोणपाट टाकतात, ते गुळगुळीत फरशीवर गोणपाटासकट सरकतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा खालच्या पायरीपासून दोर घेऊन दुकानाच्या कॉलमला ताणून बांधा म्हणजे पाय बाहेर सरकणारच नाही.

वर शिडी काचेला टेकवायची नाही हे सांगायला नको. पण एसीपी शीटला, म्हणजे दर्शनी भागावर ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ शीटलाही टेकवू नका, आजकाल सगळ्या दुकानांना ती चकचकीत शीट असते, ती दबते आणि शिडी तिच्यावरून बाजूला घसरते. पाण्याचा पीव्हीसी पाइप, बोर्डाची फ्रेम, एसीचा स्टँड, हेही नाही. कॉलम किंवा पक्की भिंत बघा, काच रुंद असेल तर शिडीच्या डोक्याला आडवी मजबूत पट्टी बांधा म्हणजे ती दोन्ही बाजूच्या भिंतीवर टेकते, आणि टोकांना रबर गुंडाळा. गच्चीवर किंवा सज्जावर उतरायचं असेल तर शिडी त्या कडेच्या वर ३ फूट तरी आली पाहिजे, धरायला काहीतरी हवं.

शिडीचं डोकं बांधणं हा सगळ्यात मोठा बचाव आहे. कॉलमला किंवा भिंतीत पक्कं बसवलेल्या ग्रीलला नायलॉन दोरानं दोन्ही बाजूंनी बांधा. पहिल्यांदा बांधायला जो चढेल त्याची शिडी खालच्यानं दोन्ही हातांनी धरायची, एक पाय खालच्या पायरीवर ठेवून. धरणारा माणूस मोबाईल बघत असेल तर तो नसल्यासारखाच. आणि १५ फुटांच्या पुढच्या शिडीला नुसतं धरून काही होत नाही, बांधलीच पाहिजे.

करंट

सगळ्यात जीवघेणा भाग हाच. जुन्या पेठांमध्ये गॅलरीपासून हात लांब केला तर तार लागेल इतक्या जवळून लाइन गेलीय. ॲल्युमिनियमची शिडी, ॲल्युमिनियमचा पोल, ओला बांबू, तिन्हीतून करंट येतो. शिडी उभी करताना ती डोक्यावर डुलते तेव्हाच ती तारेला लागते, चढायच्या कितीतरी आधी. म्हणून शिडी उचलायच्या आधी मान वर करून बघायचं, आणि तारेपासून शिडी, पोल, माणूस सगळं कमीत कमी १० फूट लांब राहिलं पाहिजे. राहत नसेल तर मालकानं महावितरणच्या ऑफिसला जाऊन लाइन बंद करून घ्यायची, नाहीतर ती काच तशीच सोडायची. मळकी काच राहिली म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही.

दुकानाच्या एलईडी बोर्डाची वायरिंगही बघा, बऱ्याचदा उघडे जोड टेप गुंडाळून सोडलेले असतात आणि आपण त्याच्यावर पाणी मारतो. पाणी मारायच्या आधी बोर्डाचा आणि बाहेरच्या एसीचा मेन बंद करायला लावा आणि तो चुकून कुणी चालू करू नये म्हणून तिथं एक माणूस उभा करा.

वर गेल्यावर

पायात बूट, चप्पल नाही, आणि बुटाचा तळवा चढायच्या आधी फडक्यानं कोरडा करा. सामान हातात घेऊन चढायचं नाही, कमरेच्या पट्ट्याला वायपर आणि फडकं अडकवा, छोटी बादली दोरीनं वर घ्या आणि आकड्यानं पायरीला लटकवा, अर्धीच भरा. चढताना-उतरताना दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, असं तीन जागी अंग शिडीला लागलेलं पाहिजे. लांब शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या सोडून द्या.

आता ती जागा सांगतो जिथं माणसं खरी पडतात. पूर्ण काच झालेली असते, उजव्या कोपऱ्यात वीतभर पट्टा राहिलेला असतो. खालून मालक म्हणतो, "अरे, तेवढा कोपरा राहिला की." वरून पोरगा म्हणतो, "हो मालक, हात पुरतोय." आणि तो डावा पाय पायरीवरून उचलतो, डाव्या हातानं शिडीची बाजू धरतो, उजवा हात ताणतो, कंबर शिडीच्या बाहेर जाते. बघा कधी जवळून, त्या क्षणी शिडीचा डावा पाय फरशीपासून बोटभर सुटलेला असतो. वरच्याला ते कळतच नाही. नियम एकच, बेल्टचं बक्कल शिडीच्या दोन बाजूंच्या मधून बाहेर जाता कामा नये. कोपरा राहिला तर खाली उतरायचं, दोर सोडायचा, शिडी हलवायची, परत बांधायची. वेळ जातो, जाऊ द्या. आणि मालक, तुम्ही खालून कोपरा दाखवायचा असेल तर तो माणूस खाली आल्यावर दाखवा.

सज्जाखाली गांधीलमाशीचं पोळं किंवा बिल्डिंगला आग्या मोहोळ असेल तर तिथं पाणी मारायचंच नाही, ते काढणारी माणसं वेगळी असतात, आधी त्यांना बोलवा. शिडीवर माशी चावली की हात आपोआप सुटतो.

एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. ॲल्युमिनियमची शिडी हात लावू देत नाही आणि चक्कर कधी येईल सांगता येत नाही. सकाळी साडेसहाला सुरू करा, दहा-साडेदहाला बंद. पाणी तहान लागायच्या आधी प्या. दुपारनंतर वळिवाचं वातावरण झालं, धूळ उडायला लागली की लगेच खाली, पावसाचा थेंब पडायची वाट बघू नका, आधी वारा येतो. उपाशीपोटी, रात्रीची उतरलेली नसताना, किंवा चक्कर येणारं औषध घेऊन चढायचं नाही. हे मुकादमानं विचारलं पाहिजे, विचारायला लाजायचं नाही.

कुणी पडलंच तर

उचलू नका. आपली माणसं प्रेमानं धावत येतात, काखेत हात घालून उठवून बसवतात आणि तोंडाला पाणी लावतात. मणक्याला मार असेल तर त्या उचलण्यानंच पाय कायमचे जाऊ शकतात. १०८ ला फोन करा, जागा नीट सांगा, म्हणजे चौक, दुकान, समोर काय आहे. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं-मान आहे तशी स्थिर धरायची आणि त्याच्याशी बोलत राहायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. करंट लागला असेल तर आधी मेन बंद, तोवर त्याला हात लावू नका, आणि वरची लाइन असेल तर लांबच थांबा. रिक्षात दुमडून न्यायचं नाही.

उठून चालायला लागला तरी डोक्याला लागलं असेल तर पुढचा पूर्ण दिवस लक्ष ठेवा. उलटी, वाढती डोकेदुखी, सारखी झोप, बडबड, यातलं काही दिसलं तर लगेच सिव्हिलला न्या. हाड मोडल्याची शंका असेल तर तेल लावून चोळणाऱ्याकडं जाऊ नका, आधी एक्स-रे.

कागद

हे कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. दवाखान्यात विचारलं की "घरी पडलो" असं सांगायला लावतात काही ठेकेदार. तसं सांगू नका, कामावर, अमुक ठिकाणी शिडीवरून पडलो हे केस पेपरवर यायला हवं, पुढची सगळी भरपाई त्यावर उभी राहते. शिडीचा, जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

१० किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. त्यात उपचार आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. ईएसआयसी नसेल तरी कामावर झालेल्या अपघाताची भरपाई द्यायची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते. पूर्वी १९२३ च्या कायद्यानं होती, आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आली आहे. मालकांनी ठेका देताना ठेकेदाराकडं हे आहे का ते आधी विचारा.

आणि जो एकटा, स्वतःची बादली-वायपर घेऊन फिरतो त्यानं निदान पंतप्रधान सुरक्षा विमा काढाच. वय १८ ते ७०, बँकेत खातं, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. फॉर्म तुमच्याच बँकेत मिळतो, वारसाचं नाव न विसरता भरा. पैसे दरवर्षी मे अखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात, त्या वेळी खात्यात २० रुपये नसले तर विमा बंद पडतो, तेव्हा मे महिन्यात एकदा पासबुक भरून घ्या.